पांघरूण देऊन बैल घेणारा माणूस

माघ महिना आहे. एक शेतकरी बाजारात जातो, अंगावरचं पांघरूण विकतो आणि त्याच्या बदल्यात बैल घेऊन घरी येतो.

ही गोष्ट ‘गाथासप्तशती’तल्या एका गाथेत आहे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेला हा संग्रह महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत, आणि त्याचा काळ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा मानतात. भर थंडीत पांघरूण विकायचा वेडेपणा या माणसानं का केला, याचं उत्तर गाथाच देते. घरी त्याची तरुण बायको आहे. तिची ऊब त्याला बिनधुराच्या तुसाच्या विस्तवासारखी वाटते. मग पांघरुणाची गरज काय?

कॉलेजात पहिल्यांदा ही गाथा कळली तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. शृंगाराची गंमत म्हणून ती तिथेच सोडून दिली. नंतर पुसदला घरी असताना, एका हिवाळी रात्रीनंतर, ती पुन्हा आठवली आणि तिच्यातल्या व्यवहाराकडे लक्ष गेलं. या एका सौद्यात थंडी निभावायची तिन्ही साधनं आहेत: कापड, विस्तव आणि अंग. माणसाचं अंग तर आहेच, पण त्यानं विकत आणलेला बैलही एक अंगच आहे. कवी त्याबद्दल बोलत नाही. ज्याच्या घराला लागून जनावरं बांधलेली असतात त्याला ते सांगावंही लागत नाही.

त्या हिवाळी रात्रीबद्दल पुढे सांगतो. आधी आमच्याकडची थंडी समजून घेऊ.

उन्हाच्या गावातली थंडी

यवतमाळ जिल्हा म्हटलं की बाहेरच्यांना ऊन आठवतं. पारा ४५ च्या घरात जाणारा उन्हाळा, काळी जमीन, कापूस. आमच्याकडे थंडी पडते हे पुण्या-मुंबईच्या मित्रांना पटवावं लागतं. पण डिसेंबर-जानेवारीत इथे दुपारी अर्ध्या बाहीचा शर्ट आणि पहाटे कानाला मफलर, असं एकाच दिवसात होतं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता.

याचं कारण समुद्रापासूनचं अंतर आणि कोरडं, निरभ्र आभाळ. ढग आणि दमट हवा रात्री जमिनीसाठी पांघरुणाचं काम करतात. ते नसले की दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळल्यावर आपली उष्णता सरळ आभाळात सोडून देते. त्यातून पुसद पूस नदीच्या काठी, डोंगरांच्या मध्ये वसलेलं. थंड हवा जड असते, ती उतारावरून घरंगळत खाली येते आणि सखल भागात साचते. म्हणून पहाटे टेकडीवरच्या शेतापेक्षा नदीकाठच्या वस्तीत जास्त गारठा लागतो.

अशी थंडी वर्षातून जेमतेम दोन-अडीच महिने, तीही मुख्यतः रात्रीच. त्यामुळे तिच्यासाठी कुणी वेगळं घर बांधलं नाही. घरं बांधली गेली ती ऊन-पावसासाठी. मातीच्या जाड भिंती किंवा पऱ्हाट्या-तुराट्यांचे शेणामातीनं लिंपलेले कुड, वर कवेलू किंवा धाबं. कवेलूंच्या फटींतून धूर जायचा आणि हवा यायची. अशा घरात थंडीपासून बचाव म्हणजे दारं-खिडक्या गच्च लावणं असूच शकत नव्हतं. ऊब दुसरीकडून आणावी लागायची.

कोठ्यातला हीटर

वऱ्हाडात गोठ्याला कोठा म्हणतात. अनेक घरांत कोठा आणि राहती खोली यांच्यामध्ये एकच भिंत असायची. लहान घरात तर तेवढीही नसायची. एका बाजूला चूल, दुसऱ्या बाजूला खुंटा. चोरीची भीती, वाघ-बिबट्याची भीती आणि जागेची टंचाई ही त्याची मुख्य कारणं. ऊब हा वरचा नफा.

हा नफा मोजता येतो. झोपलेला माणूस साधारण ७०-८० वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे एका जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. मोठा बैल त्याच्या पाच-सहा पट तरी टाकतो. दोन बैल आणि एक गाय धरली तर हजार वॅटच्या हीटरच्या आसपास हिशेब जातो. शिवाय हा हीटर रात्रभर चालतो आणि त्याचं इंधन आहे कडबा आणि कुटार. गुरांच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा म्हणजे आंबवण्याचा पिंपच. त्यातले सूक्ष्मजीव चारा कुजवतात आणि त्या कामात उष्णता तयार होते. संध्याकाळी भरपूर कोरडी वैरण टाकायची जुनी रीत होती तिचा अर्थ हाच: रात्री रवंथ चालू राहावं, जनावर आतून गरम राहावं.

जगात जिथे जिथे गरीब शेतकरी आणि थंडी एकत्र आले तिथे हा हिशेब लोकांनी मांडलेला दिसतो. हिमाचलातल्या लाकूड-दगडाच्या काठकुणी घरांत तळमजल्यावर गुरं आणि वर माणसं. स्कॉटलंडच्या बेटांवरच्या जुन्या ‘ब्लॅकहाउस’ घरांत एकाच छपराखाली एका टोकाला कुटुंब आणि दुसऱ्या टोकाला गाई. तिथली थंडी जीवघेणी, आमची त्यामानानं किरकोळ. पण सौदा एकच. तू मला छप्पर दे, मी तुला ऊब देतो.

लहान जनावरांचे सौदे वेगळे होते. मांजर चुलीच्या उबेला, कुत्रं शेकोटीच्या विझत आलेल्या राखेत. शेळीची नवी करडं पहिल्या काही रात्री घरातच, डालग्याखाली. कोंबडीच्या पिल्लांना तर पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंशांची ऊब लागते. आजचा पोल्ट्रीवाला त्यासाठी बल्ब किंवा गॅसचा ब्रूडर लावतो. घरात ते काम खुडूक कोंबडी करायची.

गोणी, घोंगडी, वाकळ

आता कापड. पुसद तालुक्यात बंजारा समाजाचे तांडे मोठ्या संख्येनं आहेत. वसंतराव नाईकांचं गहुली इथलंच. रेल्वे येण्याआधी देशभरात धान्य आणि मीठ वाहून नेणारे हे लोक. हजारो बैलांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या गोण्या लादून ते चालत. ‘गोणी’ हा शब्द इंग्रजीत जाऊन ‘गनी बॅग’ झाला, आणि आपल्याकडे ‘गोणपाट’ राहिला. रेल्वे आणि पक्के रस्ते आले, बैलांची वाहतूक संपली, तांडे स्थिरावले. बैलाच्या पाठीवरची गोणी मात्र त्याच्या पाठीवर वेगळ्या कामासाठी राहिली. थंडीत वासराच्या अंगावर टाकायची झूल म्हणून, कुत्र्याच्या बुडाखाली आणि माणसाच्या अंथरुणाखाली.

घोंगडी धनगरांची. दख्खनी मेंढीची लोकर राठ, अंगाला टोचणारी. ती कातायची, खड्ड्याच्या मागावर विणायची आणि चिंचोक्याची खळ लावायची. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओलावा पिऊनही ओली वाटत नाही, म्हणून रात्रभर उघड्यावर दव खाणाऱ्या मेंढपाळाला तीच हवी. मेंढ्या रात्री कुणाच्या तरी शेतात बसवायच्या, त्यांच्या लेंड्यांचं खत शेताला आणि बदल्यात धान्य मेंढपाळाला. इथेही देवाणघेवाणच.

आणि वाकळ. आमच्याकडे ‘वाकय’. जुनी लुगडी आणि धोतरं एकावर एक ठेवून धावदोरा घातला की झाली. कापडाच्या थरांमध्ये हवा अडकते आणि खरी ऊब ती हवाच देते. रजईतलं तत्त्वही तेच. पिंजारी आपली पिंजण वाजवत यायचा आणि दबलेला कापूस पुन्हा फुलवून द्यायचा. कापूस फुलवणं म्हणजे त्यात हवा भरणं. पिंजणीची ती तांत जनावराच्या आतड्यापासून केलेली असायची. म्हणजे रजईतही जनावराचा वाटा होताच.

इथे एक गोष्ट टोचते. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी आपली मान वऱ्हाडाकडे वळवली. पुढच्या काही दशकांत रेल्वे, जिनिंग, प्रेस आणि बाजार उभे राहिले. पुसद तालुका १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात होता, मग यवतमाळला जोडला गेला. जिल्हा बदलला तरी पीक बदललं नाही. या मातीतल्या कापसानं सातासमुद्रापारच्या लोकांना कपडे घातले. तो वेचणारी बाई मात्र रात्री फाटक्या लुगड्यांच्या थराखाली झोपायची. नवा कापूस विकायचा असायचा. अंगावर घ्यायचं ते जुनं.

म्हणून वाकळीचं कौतुक करताना जरा जपून करावं. आज ऑनलाइन ती ‘हँडमेड क्विल्ट’ म्हणून दिसते. ती सुंदर आहेच. पण तिच्यामागे टंचाई होती. चुलीचंही तसंच. चुलीभोवतीच्या उबेची आठवण ज्यांना येते त्यात चुलीसमोर बसून डोळे आणि फुफ्फुसं जाळणाऱ्या बायका कमीच असतात. कुडाच्या घरात एक ठिणगी उडाली तर माणसं, गुरं, वैरण, सगळंच जायचं. कोठ्याला लागून झोपण्यात गोचिडी होत्या, डास होते, रोग होते. त्या काळाकडे परत जायला मी कुणाला सांगणार नाही.

सौदा मोडला कसा

हा सौदा कुणी एका दिवशी ठरवून मोडला नाही. तो एकेक खुंटा उपटत गेला.

पहिला धक्का चाऱ्याला बसला. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचं बियाणं आलं. गहुलीचे वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते, आणि अन्नधान्यात राज्य स्वयंपूर्ण करायचं तर संकरित बियाण्यांशिवाय मार्ग नाही या मताचे होते. दुष्काळ आणि आयातीच्या गव्हाच्या त्या काळात ते चुकीचं म्हणता येणार नाही. कणसं भरली, पोटं भरली. पण संकरित ज्वारीचं ताट बुटकं. गावरान ज्वारीच्या उंच धांड्याएवढा कडबा त्यातून मिळेना. पुढे विदर्भात सोयाबीन पसरलं, त्यात तर कुटारच उरतं, कडबा नाही. मग ट्रॅक्टर आला. बैलजोडी पोसणं परवडेना, कोठे रिकामे झाले. काही कोठ्यांत आता मोटरसायकली उभ्या असतात.

नंतर घर बदललं. मातीच्या भिंती जाऊन विटा-सिमेंट आलं, कवेलूंच्या जागी स्लॅब. पातळ भिंती आणि स्लॅब पहाटेपर्यंत गार पडतात. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खेड्यांतही गॅसच्या शेगड्या पोचल्या. बाईच्या डोळ्यांतला धूर कमी झाला, ही मोठी गोष्ट. पण गॅसला राख नसते. मांजराची जागा गेली, कुत्र्याची गेली.

थोडक्यात, आपल्या वाट्याला आलेलं घर जुन्या घराच्या अगदी उलट आहे. जुन्या घरात फटी होत्या आणि अंगं होती. नव्या घरात फटी नाहीत आणि अंगंही नाहीत. आणि थंडी वाजली की आपण आजोबांचीच युक्ती काढतो: विस्तव घरात आणतो.

ती रात्र

आता त्या रात्रीबद्दल. काही वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्या गल्लीतली एक कुत्री गाडीखाली सापडली. तिची तीन पिल्लं होती. दोन आधीच गारठून गेली होती. एक आम्ही खोक्यात घालून घरी आणलं. पिल्लाला पहिले दोनेक आठवडे स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, त्याला नीट कुडकुडताही येत नाही. आई आणि भावंडं हीच त्याची शेकोटी. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच कळत होतं की ते गार आहे.

आजीच्या खोलीत कोळशाची शेगडी पेटवली. आजीलाही थंडी बाधत होती, एका दगडात दोन पक्षी. खिडकी लावली, दाराखालच्या फटीत पोतं कोंबलं. खोली छान गरम झाली. दोन-अडीच तासांनी मी बघायला गेलो तर पिल्लू मान टाकून पडलेलं. हात लावला तर अंग गरम, पण हलेना. आजी म्हणाली, “पोरा, डोकं फारच दुखून रायलं रे.” दार उघडं टाकून मी खिडकी उघडली, शेगडी अंगणात नेली, आजीला ओसरीवर बसवलं. पहाटेपर्यंत दोघंही सावरले.

धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ताकदीनं त्याला धरून ठेवतं. लहान जीवाचा श्वास जलद, म्हणून तो आधी कोसळतो. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञानं १८९० च्या दशकात हेच ओळखलं आणि खाणीत लहान प्राणी न्यायला सुचवलं. ब्रिटिश खाणींत १९११ पासून १९८६ पर्यंत पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी यासाठी ठेवत. आमच्या घरात ते काम त्या पिल्लानं केलं. आम्ही त्याला वाचवायला आणलं होतं. शेवटी आजीला त्यानं वाचवलं.

आजी नंतर म्हणाली, “आमच्या घरी शेगडी रात्रभर जळे, कोनाले काई होत नवतं.” ते खरंच होतं. तिच्या घराला कवेलू होते. शेगडी तीच, पण घर बदललं होतं.

उरलेलं शहाणपण

मग जुन्यातलं घ्यायचं काय? विस्तव नव्हे. कापड आणि अंग.

त्या पिल्लाला शेवटी वाचवलं ते पुठ्ठ्याचं खोकं, खाली गोणपाट, वर वाकळीचा तुकडा आणि जाड फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली यांनी. खोकं फरशीवर न ठेवता लाकडी पाटावर ठेवलं, कारण फरशी अंगातली ऊब ओढून घेते. खोकं लहानच हवं, म्हणजे त्याच्याच अंगाची ऊब त्यात टिकते. बाटलीपासून सरकायला जागा हवी, म्हणजे चटका बसत नाही. गोणपाट ओलं झालं की बदलायचं. कोठ्यात वासरासाठी हेच करत होते: कोरडं कुटार, वारा अडवणारा आडोसा आणि पाठीवर गोणी.

माणसासाठीही एका जाड ब्लँकेटपेक्षा दोन-तीन थर बरे, आणि पांघरुणाएवढंच अंथरूण जाड हवं. शेगडी पेटवायचीच तर अंगणात, आणि झोपायच्या आधी विझवून. विजेच्या हीटरला विषारी वायूचा धोका नाही, पण गोधडीपासून आणि मांजराच्या शेपटीपासून तो लांब हवा. पेटीतल्या रजईत डांबरगोळ्या घालत असाल तर ती रजई आधी उन्हात चांगली वाळवा आणि गोळ्या कुत्र्या-मांजरांच्या तोंडाला लागू देऊ नका. त्यांना त्या विष आहेत. आणि सकाळी गाडी चालू करण्याआधी बॉनेटवर एक थाप मारा. चुलीजवळची जागा गेल्यापासून मांजरं इंजिनाच्या उबेला जातात.

वऱ्हाडातलेच गाडगेबाबा २० डिसेंबर १९५६ ला गेले, ऐन थंडीत. चिंध्या जोडलेलं वस्त्र अंगावर घेऊन हिंडलेला हा माणूस. त्यांच्या नावानं जी दशसूत्री सांगितली जाते तिच्यात उघड्याला वस्त्र आहे, बेघराला आसरा आहे आणि मुक्या प्राण्यांना अभयही आहे. तिन्ही एकाच यादीत. माणसाचं झालं की मग जनावराचं, अशी रांग त्यात नाही.

गाथेतल्या त्या शेतकऱ्यानं पांघरूण विकलं तेव्हा तो थंडीत उघडा पडला नाही, कारण त्याच्या घरात अंगं होती आणि ती एकमेकांच्या जवळ होती. आमचं पिल्लू आता मोठं कुत्रं झालंय. हिवाळ्यात ते आजीच्या खाटेखाली, जुन्या वाकळीवर झोपतं. आजी रात्री पाय खाली सोडून बघते, आहे का ते. असलं की पाय त्याच्या पाठीवर टेकवते आणि झोपी जाते.